मॉनिटर धूसर दिसतो म्हणून लॅपटॉप बदलू नका

‘लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडणाऱ्यांनी हे वाचाच’ अशा मथळ्याचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लॅपटॉप चालू असताना केबल लावली की पोर्ट जळतो, सोन्याचा मुलामा असलेली महाग केबल घेतली की रंग खुलतात, टाइप-सी पोर्ट असला की कुठलाही मॉनिटर एका वायरवर चालतो, चित्र धूसर आलं म्हणजे ग्राफिक्स कमी पडतंय, लॅपटॉप बदला, आणि झाकण मिटून काम केलं तर मशीन जळतं. यातलं एकही विधान लिहिलंय तसं खरं नाही. दोन विधानांमागे थोडं तथ्य आहे, पण नेमकं तेवढंच मजकुरात आलेलं नाही.

सगळ्यात खर्चिक सल्ला आधी घेऊ. नव्या मॉनिटरवर अक्षरं पुसट दिसतात तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवण्याची सेटिंग चालू असते. स्वस्त किंवा जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपक्यांचा. मॉनिटर १९२० बाय १०८०, म्हणजे जवळजवळ एकवीस लाखांचा. दोन्हीकडे तेच दाखवायचं तर विन्डोज दोघांना झेपेल असं रिझोल्यूशन धरतं, म्हणजे लहानाचं. मॉनिटर ते ताणून आपल्या पडद्यावर बसवतो आणि अक्षरांच्या कडा पसरतात. विन्डोजची कळ आणि पी एकत्र दाबा, ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा, मग डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या मॉनिटरसाठी ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं रिझोल्यूशन ठेवा. एक रुपया लागत नाही.

ग्राफिक्स खरोखर कमी पडण्याचा प्रश्न फोर-के, म्हणजे वरच्या मॉनिटरच्या चौपट ठिपक्यांच्या मॉनिटरला येऊ शकतो, पण तिथेही आधी पोर्ट तपासावा. एचडीएमआय ही लॅपटॉप-टीव्हीवरची चित्र नेणारी नेहमीची जोडणी. तिचं १.४ हे २००९ सालचं मानक फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकतं. माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. ६० साठी २०१३ सालचं २.० लागतं. लॅपटॉपच्या एचडीएमआयला ते जमत नसेल तर त्याच लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्टवर (मॉनिटर जोडण्याचा दुसरा एक प्रकार) किंवा टाइप-सीवर कदाचित जमेल. तेवढं पाहिल्याशिवाय दुकानात जाऊ नये. ‘फोर-के’ असं खोक्यावर ठळक छापणारे स्वस्त ॲडॅप्टरही याच ३० वर अडतात. तो आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो, अर्थातच.

केबलच्या सोन्याबद्दल फार लिहायला नको. सोनं गंजत नाही, खाऱ्या दमट हवेत टोकं टिकतात, एवढाच त्याचा गुण. एचडीएमआयमधून जातात ते आकडे. ते नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं येतं. नाही पोचले तर ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात, पडदा मधूनमधून काळा होतो किंवा ‘नो सिग्नल’ येतं. रंग थोडे फिके, थोडे गडद असा मधला प्रकार केबलमुळे होत नाही. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर, मॉनिटरला टीव्ही समजून रंगांचा आखडता पल्ला पाठवतंय का ते पाहा. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंज ‘फुल’ केली की काळा पुन्हा काळा होतो. हॉलमधल्या प्रोजेक्टरपर्यंत दहा-पंधरा मीटर केबल न्यायची असेल तर मात्र दर्जा बघावाच लागतो. घरच्या टेबलावरच्या दीड मीटरला पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी साधी, धड केबल पुरते.

टाइप-सीचा दावा सगळ्यात फसवा, कारण तो अर्धा बरोबर वाटतो. टाइप-सी हे टोकाच्या आकाराचं नाव आहे. त्या पोर्टातून चित्र जाईल की नाही हे लॅपटॉप बनवणाऱ्याने आत काय जोडलंय त्यावर ठरतं. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या (टाइप-सीच्याच आकाराची जलद जोडणी) विजेची खूण असेल तर चित्र जाईल. खूण नसेल तर मॉडेलचा तपशील कंपनीच्या साइटवर वाचावा, कारण खूण न छापताही चित्र देणारे पोर्ट असतात. केबलचंही तसंच. फोनच्या चार्जरसोबत आलेल्या बहुतेक टाइप-सी केबलींत चित्र वाहून नेणाऱ्या तारांच्या जोड्याच नसतात. त्या चार्जिंग आणि संथ डेटापुरत्या. आणि पोर्ट, केबल दोन्ही ठीक असले तरी मर्यादा राहतेच: ॲपलच्या एम-१ आणि एम-२ चिपच्या मॅकबुक एअरला अधिकृतपणे एकच बाहेरचा पडदा चालतो, पोर्ट दोन असले तरी. शिवाय डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही साधी केबल एकाच दिशेने चालते. लॅपटॉपकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय, असंच. उलट जोडणीला आत चिप असलेला वेगळा कन्व्हर्टर लागतो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

चालू लॅपटॉपला केबल लावण्यात काही गैर नाही. एचडीएमआयच्या १९ टोकांपैकी शेवटचं टोक मॉनिटर जोडला गेल्याची खबर देण्यासाठीच ठेवलेलं आहे. मजकुरातली भीती खरी ठरते ती अर्थिंग नसलेल्या घरात. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या जुगाडातून लावला, की लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येतात, टेस्टरही उजळतो. अशा वेळी केबल टेकताना तो भटका करंट पोर्टातून वाट काढू शकतो आणि पोर्ट दगावू शकतो. त्याला इलाज वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेण्याचा. ते होईपर्यंत लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्हींचे प्लग काढून केबल लावा.

झाकण मिटून काम करण्याची सोय विन्डोज आणि मॅक दोन्हींत दिलेली आहे. काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात. ते झाकण मिटल्यावर जास्त तापतात आणि त्यांचा पंखा ओरडू लागतो, तेव्हा झाकण थोडं उघडं ठेवावं. विन्डोजमध्ये झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ ही निवड फक्त ‘प्लग्ड इन’साठी करा. बॅटरीसाठी ‘स्लीप’च राहू द्या, नाहीतर संध्याकाळी वायर काढून बॅगेत टाकलेला लॅपटॉप घरी पोचेपर्यंत आत चालूच राहील.