कंबरेपुरता एमआरआय पुरत नाही
‘मणक्यातील ड्युरल फिस्टुलाचे निदान एमआरआयवर होते’ असं या आजारावरच्या लेखात एका ओळीत उरकलंय. ड्युरल फिस्टुला म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली जाणं. कुठल्या भागाचा एमआरआय, हे लिहायलाच हवं होतं. माझे चुलते इथं सोलापुरात यंत्रमागावर कामाला. मागापुढं उभं राहिलं की पाय जड व्हायचे, बसलं की जरा बरं. पुढं लघवीही अडायला लागली. वय साठीच्या पुढं, म्हणून गादी सरकली असंच सगळ्यांनी धरलं आणि एमआरआय कंबरेपुरता निघाला. त्या वयात गादी थोडीफार सरकलेली दिसतेच हो! मज्जारज्जू मात्र कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सूज त्यात होती, पार वर छातीच्या मणक्यांपर्यंत.

आणि स्टिरॉइडबद्दल चकार शब्द नाही? या आजारात धमनीचं रक्त थेट शिरेत घुसतं, शिरांमधला दाब वाढतो आणि मज्जारज्जूत रक्त तुंबतं. अशात स्टिरॉइड दिल्यावर काही रुग्णांच्या पायातली ताकद झपाट्यानं जाते, हे डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. चुलत्यांनाही स्टिरॉइडच्या इंजेक्शननंतर काठी धरावी लागली. फिस्टुलाची नेमकी जागा शेवटी पुण्यात मणक्याच्या अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत) सापडली. कॅथेटरमधून, म्हणजे बारीक नळीतून, ग्लू सोडून ती बंद करता आली असती, पण मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनी तिथूनच निघत होती, ग्लूनं तीही बंद होण्याचा धोका होता, म्हणून ऑपरेशन करून धमनीचं रक्त घुसत होतं ती शीर तोडली. पाय बरेच सुधारले, लघवीचा त्रास अजून आहेच.