मावशीच्या सह्या रिक्षात

आज दुपारी गंगापूर रोडवरील एका बँकेच्या शाखेसमोर माझ्या मावशीने मुदतठेवीच्या कागदांवर रिक्षात बसूनच सह्या केल्या. शाखा पहिल्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्टही आहे. पण त्या लिफ्टपर्यंत पोचायला सहा पायऱ्या चढाव्या लागतात आणि लहानपणी पोलिओ झालेल्या मावशीला कुबड्यांवर त्या चढवत नाहीत. अधिकारी स्वतः खाली आले, "आजी, तुम्ही कशाला त्रास घेता," असे आपुलकीने म्हणाले आणि ठेवीची रक्कम, व्याज, वारसाचे नाव हे सारे त्यांनी भर रस्त्यात मोठ्याने वाचून दाखवले. मावशीने हात जोडून आभार मानले. तिच्याकडे किती पैसे आहेत, हे आता रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासूनचा. सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खासगी, नियम प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांत तिने आपली सेवा दिव्यांगांसाठी सुगम करावी, असे त्यात लिहिले आहे. नियम २०१७ मध्येच आले, म्हणजे मुदत २०१९ मध्ये संपली. आणि पहिल्या उल्लंघनाला दंड किती, तर जास्तीत जास्त १०,००० रुपये! शाखेच्या दर्शनी पाटीलाच याहून अधिक खर्च आला असेल. सुगमतेची मानके सांगणारा नियम नुसता शिफारशीसारखा आहे, तो कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगावे लागले. तोवर सगळ्यांनी त्या शिफारशीच्या आडोशाला सुखाने दिवस काढले.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात लिफ्ट बसवा, असे कोणीच म्हणत नाही, आणि कायदाही संस्थेवर अवाजवी बोजा टाकत नाही. पण ही इमारत कायद्यानंतरची आहे. सुगमतेचे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे कायदा म्हणत असताना या सहा पायऱ्या कोणाच्या नजरेतून सुटल्या? सिंहस्थासाठी शहरभर कामे निघाली आहेत, तिथेही हेच होणार असेल तर बोलणेच खुंटले.

त्या अधिकाऱ्यांवर माझा राग नाही, हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात येते आहे. बदलीवर आलेला तो तरुण मुलगा. जागेचा भाडेकरार त्याने केलेला नाही, आणि तो खाली आमच्यापाशी असताना वर त्याच्या टेबलासमोर माणसे ताटकळत होती. नियम धाब्यावर बसवल्याची किंमत अशी संस्थेलाही मोजावी लागते, फक्त ती कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. मात्र त्याच्या चांगुलपणामुळे मावशीचा हक्क उपकार होऊन बसला, आणि उपकार करणाऱ्याकडे तक्रार कशी करायची, या संकोचात तिच्यासारखी माणसे आयुष्य काढतात.

सहा पायऱ्या म्हणजे साधारण तीन फूट उंची. एकास बारा उताराने छत्तीस फूट रॅम्प लागेल आणि दुचाकींच्या पार्किंगची थोडी जागा जाईल, हे मान्य. जाऊ दे. "त्या भल्या मुलाचं नाव कुठे घालू नकोस," असे मावशीने मघाशी फोनवर बजावले आहे. म्हणून त्याचे नाव वगळून बँकेच्या विभागीय कार्यालयाला अर्ज लिहिला आहे, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना. सोमवारी पोच घेऊनच येईन.