जिना साहसी आहे

परदेशात राहायची जागा शोधण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे, आणि जागेला नावं ठेवण्याचं नवऱ्याकडे. यंदा ॲमस्टरडॅमला जायचं होतं, त्यामुळे दोघंही जोमाने कामाला लागलो.

शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत तिथे कुठे उतरणार याचा कागद द्यावा लागतो. म्हणजे जायला मिळणार का, हे कळायच्या आत झोपणार कुठे, हे ठरलेलं हवं. मी आपलं रद्द करता येईल असं एक हॉटेल ठोकून दिलं आणि व्हिसा हातात पडल्यावर खऱ्या शोधाला बसले. महिना गेला त्यात.

आधी मापं. ‘खोली 11 चौरस मीटर’ वाचून मला काहीच बोध झाला नाही. नवऱ्याने मोबाइलवर गुणाकार केला. “अगं, 118 चौरस फूट. बाथरूम धरून.” फोटोत मात्र त्याच खोलीत बॅडमिंटन खेळता आलं असतं. हे फोटो काढणारे बहुधा बाथरूममध्ये कमोडवर उभे राहून, पाठ भिंतीला चिकटवून काढत असावेत. कारण बाथरूमचा फोटो कधीच नसतो.

मग अंतरं. ‘मुख्य चौकापासून 400 मीटर’ हे खरंच असतं, फक्त सरळ रेषेत. मध्ये कालवा असतो आणि पूल पुढच्या वळणावर. बदकाला ते हॉटेल अगदी सोयीचं.

आणि करही पाहायला हवा. ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर आहे. कुठे तो भाड्यात धरलेला असतो, कुठे अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत उगवतो. स्वस्त म्हणून हेरलेल्या दोन जागा त्या शेवटच्या पानावर महाग झाल्या.

पण माझा जीव अडकला तो अभिप्रायांत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसायचे. एकाला खोली ‘स्मशानशांत’ वाटली होती, त्याच आठवड्यात त्याच मजल्यावर दुसऱ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. (हे दोघं शेजारी असावेत आणि पहिला घोरत असावा, असं माझं मत आहे.) एका बाईंनी दहापैकी तीन दिले होते, कारण चारही दिवस पाऊस पडला. उशीबद्दल लिहिणाऱ्यांचा तर वेगळा पंथच आहे.

शेवटी कालव्याकाठच्या एका जुन्या घरातली, तिसऱ्या मजल्यावरची खोली सापडली. गुण 8.9. खिडकीतून पाणी, होड्या, पलीकडची अरुंद घरं. अभिप्राय एकजात गोड. फक्त एका डच माणसाचं यांत्रिक भाषांतर झालेलं एक वाक्य होतं : ‘जिना साहसी आहे.’ आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. पुढे दोन दिवस घरात काहीही बिनसलं की ‘साहसी आहे’ म्हणत होतो.

विमान पहाटे उतरलं. विमानतळावरून रेल्वेने मुख्य स्टेशनला यायला पाव तासही पुरतो, त्यामुळे सातलाच दारात हजर. खोली तीनला मिळणार होती. आठ तास शहर पाहिलं म्हणण्यापेक्षा बाकं पाहिली. तीनला दार उघडलं आणि समोर जिना नव्हताच. भिंतीला टेकवलेली शिडी होती. पायरीवर माझं अर्धंच पाऊल मावत होतं, टाच हवेत. कठड्याच्या जागी वरून सोडलेला एक जाड दोर. आणि हाताशी 23-23 किलोच्या दोन बॅगा.

“अरे, अभिप्रायात लिहिलं होतं,” मी म्हटलं.

“आपण हसलो होतो,” नवरा म्हणाला.

बाहेर येऊन वर पाहिलं तर छपराखाली एक तुळई पुढे आलेली आणि तिला लोखंडी हूक. इथले जिने असे अरुंद म्हणून जड सामान त्या हुकाला दोर लावून बाहेरूनच खेचतात आणि खिडकीतून आत घेतात. कित्येक घरं तर मुद्दाम थोडी पुढे कललेली बांधली, वर चढणारं सामान भिंतीला घासू नये म्हणून. नवऱ्याने घरमालकीणबाईंना अदबीने विचारलं, आमच्या बॅगा तशा घेता येतील का? बाई म्हणाल्या, “तो पियानोसाठी आहे.” पियानोचा हेवा वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

बॅगा चढवायला चाळीस मिनिटं लागली. तो वरून ओढत होता, मी खालून डोकं लावत होते. डोकं लावणे हा वाक्प्रचार मी त्या दिवशी शब्दशः जगले. उतरताना पाठमोरं उतरायचं हे दुसऱ्या दिवशी कळलं, पाचव्या पायरीवरून. पाच दिवसांत आम्ही एकदाही काही विसरून परत वर गेलो नाही. छत्री राहिली तर भिजलो.

पण खिडकी मात्र फोटोतल्यासारखीच होती. संध्याकाळी पाण्यात समोरच्या घरांचे दिवे थरथरायचे आणि आम्ही गुडघ्यांना मलम चोळत पाहत बसायचो.

निघायच्या दिवशी बॅगा खाली आणून धापा टाकत दारात उभे होतो, तेवढ्यात एक जोडपं आलं. आमच्याहून मोठ्या बॅगा, चेहऱ्यावर महिनाभर अभिप्राय वाचल्याचा थकवा. त्या बाईने आशेने विचारलं, “कशी आहे जागा?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने दोराकडे.

“खिडकी,” मी म्हटलं, “फार सुंदर आहे.”