फुकटची बॅग

2007 च्या जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायला गेलो आणि क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरून घरी आलो. टाय घातलेल्या एका पोरानं "सर, दोन मिनिटं" म्हणून हाक मारली, आणि तोवर सोलापुरात मला सर कुणीच म्हणालेलं नव्हतं, आपलं सगळं आयुष्य "काय बे" वर चाललेलं, तिथंच विरघळलो. वर निळी ट्रॅव्हल बॅग फुकट. कार्ड "लाइफटाइम फ्री" आहे म्हणाला. पुढं कार्ड आलं पण पिन काही आला नाही, म्हणून ते पाकिटासकट कपाटात टाकलं आणि विसरलो.

बॅग मात्र पहिल्या दिवसापासून कामाला लागली. चेन वर्षभरात गेली, आईनं जुन्या चादरीची किनार फाडून तिला बंद लावले, आणि तेव्हापासून पुण्याला मावशीकडं कडक भाकरी आणि शेंगा चटणी त्याच बॅगेतून जाते. एकदा चटणीचा पुडा आत फुटला, तो वास अजून आहे.

तर गेल्या एप्रिलमध्ये दुपारी दोनला, म्हणजे सोलापूरकर फॅनखाली आडवा पडून फक्त जिवंत राहायचं बघत असतो त्या टायमाला, फोन आला. "सर, आपके 47,312 रुपये ओव्हरड्यू है." परत सर! म्हटलं कशाचे? तर वर्षाची फी 499, ती भरली नाही म्हणून लेट फी, त्यावर व्याज, त्यावर टॅक्स, आणि परत त्या सगळ्यावर व्याज. कार्ड एकदाही न घासता मी कर्जबाजारी झालो होतो, निदान खाऊन पिऊन तरी झालो असतो.

मग रोजचंच सुरू झालं. वसुलीवाल्यांनी बायकोला फोन केला, ती म्हणाली 2007 ला मी दहावीत होते, मला कशाला विचारता. आईला केला, तिनं त्या पोराला जेवलास का विचारलं, मग घरी कोण कोण असतं, लग्न झालं का, आणि पंधरा मिनिटांनी त्यानंच फोन ठेवला. तिला परत फोन आला नाही.

कोर्टात वकिली करणारा दोस्त आहे, त्याला गाठला. तो म्हणाला, घाबरू नकोस, 1963 चा मुदतीचा कायदा आहे, असली उधारी कोर्टातून वसूल करायला साधारण 3 वर्षांची मुदत असते, तुझी केव्हाच गेली. मागायला बंदी नाही, मागू देत. बँका जुनी थकबाकी कमी भावात दुसऱ्यांना विकतात, ते तिसऱ्याला, कागद कुणाकडंच नसतो. फक्त सही करून "भरतो" असं काही लिहून देऊ नकोस, मेलेलं कर्ज उठून बसतं. आणि 2022 पासून रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. कुणाचं किती कर्ज थकलंय याची नोंद ठेवणाऱ्या सिबिलचा रिपोर्ट पण वर्षाला एकदा फुकट मिळतो, तो काढून बघ. बघितला, त्यात या कार्डाचं नाव पण नव्हतं.

त्यानंतर मला जरा मजाच यायला लागली. रात्री पावणेआठला फोन आला की मी नुसतं "घड्याळ बघा" म्हणायचो. पुढचा पोरगा गावातलाच निघाला, "काका, काय करलालाव, मिटवून टाका की, तुमच्यासाठी 18,000." मी गप्प. "बरं 6,500." मी तरी गप्प. 2,000 वर आला तेव्हा मला चादर घेतल्यासारखं वाटायला लागलं, अजून दोन पावलं पुढं गेलो असतो तर टॉवेल पण फुकट दिला असता.

म्हटलं, भावा, आधी कागद दाखव. माझी सही, स्टेटमेंट, काहीतरी. चार दिवसांनी मेल आला, एक्सेलची एकच ओळ, आडनाव चुकलेलं आणि पत्त्याच्या जागी "स्टॉल नं. 14, होम मैदान, सोलापूर". म्हणजे त्या टायवाल्यानं स्वतःचाच पत्ता टाकलेला, आणि यांच्या हिशोबात मी इतकी वर्षं गड्ड्यातच राहतोय, पाळण्याशेजारी.

काल नवीन कंपनीचा फोन होता. रक्कम परत 51,000 वर गेलेली. आवाज एकदम कडक, "उद्या पत्त्यावर माणूस पाठवतो."

म्हटलं, पाठवा की, फक्त जानेवारीत पाठवा, एरवी मी तिथं नसतो.