ब्लड कॅन्सरवाल्याला टीबी होत नाही? माझ्या मावशीला झाला

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘ब्लड कॅन्सरच्या पेशंटला टीबी होत नाही. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन, सगळं कॅन्सरचंच. टीबी निघालाच तर कॅन्सरची गोळी त्याच दिवशी बंद करा. टीबीचा खर्च वेगळा, हजारोंचा.’ माझ्या मावशीला मायलोफायब्रोसिस आहे. हाडांतला मगज हळूहळू घट्ट तंतूंनी भरत जाणारा, वर्षानुवर्षं चालणारा दुर्मीळ रक्ताचा कर्करोग. गेल्या वर्षी तिला टीबीही झाला, म्हणून लिहिते आहे.

टीबीचे जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात गुपचूप पडून असतात. आपल्या पेशी त्यांना कोंडून ठेवतात. त्या पेशींना चेव आणणारा इंटरफेरॉन गॅमा या शरीरातल्याच प्रथिनाचा निरोप ‘जॅक’ नावाच्या एन्झाइममार्फत पोचतो. मावशीची रुक्सोलिटिनिबची गोळी नेमकं हेच जॅक अडवते. त्याने या आजारात वाढलेली प्लीहा (पोटातला रक्त गाळणारा अवयव) उतरते, पण पहाराही ढिला पडतो. म्हणून तर ही गोळी सुरू करण्याआधी टीबी तपासायचा असतो.

लक्षणांचं म्हणणं पटतं, कारण ती दोन्ही आजारांत सारखीच असतात. आम्हीही तेच धरून बसलो होतो. मावशीला खोकला नव्हता, छातीचा एक्स-रे स्वच्छ. वहीत मात्र रोज पाचनंतर ताप 100 च्या वर. शेवटी मानेतल्या गाठीत सुई घालून पाणी काढलं आणि सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीत टीबी सापडला.

सगळ्यात घातक आहे ते गोळी बंद करण्याचं वाक्य. रुक्सोलिटिनिब एकाएकी थांबवली तर प्लीहा झपाट्याने फुगू शकते, जोराचा ताप येतो, धाप लागते, माणूस आयसीयूत जाऊ शकतो. थांबवायचीच असेल तर शक्यतो डोस हळूहळू उतरवतात. दुसरीकडे टीबीचं रिफाम्पिसिन (लघवी नारिंगी करणारं तेच) यकृताला इतकं कामाला लावतं, की या गोळीचा शरीराला मिळणारा अंश सुमारे 70 टक्क्यांनी घटतो. म्हणजे काही न बदलता दोन्ही चालू ठेवणंही बरोबर नाही. मावशीचे रक्ताचे डॉक्टर आणि टीबीचे डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, तेव्हा कुठे डोस ठरला.

राहिला खर्च. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, कॅन्सरचे उपचार खासगीत चालू असले तरी.