विद्यार्थी विकासाचा कर्मणी प्रयोग

महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास विभागाचा अतिरिक्त पदभार आपल्याकडे आल्याबद्दल अभिनंदन. नेमणुकीचे पत्र एकदा नीट वाचून पाहावे. त्यात 'सदर पदभार आपणांकडे सोपविण्यात येत आहे' असे लिहिलेले असेल, मात्र तो कोणी सोपवला आणि आपल्याकडेच का सोपवला, याचा मागमूसही नसेल. या एका वाक्यात आपल्या खात्याचे सगळे व्याकरण आले. यापुढे आपणही काही करायचे नाही. ते 'करण्यात येईल'.

पूर्वी या कामाला विद्यार्थी कल्याण म्हणत. 2016च्या विद्यापीठ कायद्यात त्याचे विद्यार्थी विकास झाले आणि आपली मोठीच सोय झाली, कारण कल्याण झाले की नाही हे विद्यार्थ्याला विचारावे लागत असे, तर विकास अहवालात दाखवता येतो.

कोल्हापुरात हे पद सांभाळणे तसे जोखमीचे आहे. इथे 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, 1902च्या 26 जुलैला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला आणि पुढच्या काही वर्षांत मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजातल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय होत गेली. शिकायचे तर आधी मुलाला शहरात अंथरूण आणि दोन वेळचे जेवण पाहिजे, हे शाहू महाराजांना कोणत्याही समितीच्या शिफारशीविना कळले होते. असा पूर्वज असलेल्या गावात समतेविषयी काहीतरी करून दाखवण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्यासाठी 26 जूनची शाहू जयंतीची मिरवणूक पुरेशी आहे. दसरा चौकात पुतळ्याला हार घालावा, विद्यार्थिनींचे लेझीम पथक पुढे ठेवावे आणि छायाचित्रकाराला चांगला भगवा फेटा बांधलेल्या मुलीवर लक्ष ठेवायला सांगावे. ते छायाचित्र वर्षभर उपयोगी पडते.

त्या छायाचित्रातली मुलगी दिवाळीनंतर आपल्या टेबलासमोर उभी राहील, तेव्हा फेटा नसल्यामुळे आपण तिला ओळखणार नाही. ती चंदगड तालुक्यातली असेल. महाडीबीटीवरचा तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीत परत आलेला असेल, कारण उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव 'मारुती' आहे आणि गुणपत्रिकेवर 'मारूती'. या ह्रस्वदीर्घाने घाबरून जाऊ नये. नेतृत्वाची खरी परीक्षा इथेच असते. एखादा नवखा अधिकारी अशा वेळी तहसील कार्यालयात फोन करून बसतो, किंवा शेजारच्या खोलीत जाऊन लिपिकाला विचारतो की, बाबा रे, यावर एक हमीपत्र जोडून भागेल का. आपण तसे करू नये. तिला दाखला दुरुस्त करून आणायला सांगावे. त्यासाठी तिला शंभराहून अधिक किलोमीटर एसटीने जावे लागेल, साहेब रजेवर असतील तर पुन्हा जावे लागेल आणि तेवढ्या प्रात्यक्षिकांना ती गैरहजर लागेल. त्या गैरहजेरीबद्दल तिचे समुपदेशन करता येते आणि समुपदेशनाच्या नोंदवहीत एक नोंद वाढते. याला काळजी म्हणतात.

शिष्यवृत्ती जमा होण्याआधी पात्र विद्यार्थ्यांना शुल्कासाठी अडवू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. त्या आपल्या दप्तरी असतातच. तिला अडवावे असे कोणी म्हणतही नाही. फक्त परीक्षेचा अर्ज स्वीकारणाऱ्या खिडकीवर 'नो ड्यूज आणा' एवढेच सांगण्यात येते. कोण सांगतो ते विचारायचे नाही. खिडकीच सांगते.

तक्रार निवारणाचीही भीती बाळगू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या विनियमांनुसार तक्रार निवारण समिती असावी लागते, तीत महिला आणि मागास प्रवर्गातील प्रतिनिधित्व लागते आणि तक्रार आल्यापासून 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो. यातला कळीचा शब्द 'आल्यापासून' हा आहे. जिन्याखालच्या तक्रारपेटीला कुलूप घालावे आणि किल्ली अशा गृहस्थांकडे द्यावी ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे. आमच्या पाहण्यातल्या एका पेटीच्या फटीत कुणीतरी वडापावचा कागद कोंबला होता आणि तो दोन सत्रे तसाच होता. म्हणजे त्या काळात एकही तक्रार आली नाही, हे अहवालात अगदी प्रामाणिकपणे लिहिता आले. समितीतील मागास प्रवर्गाच्या प्रतिनिधी म्हणून ज्या मॅडम असतील त्यांनाच महिला प्रतिनिधीही करावे, म्हणजे एका सहीत दोन्ही समता साधतात आणि चहाचा एक कप वाचतो.

वसतिगृहाविषयी फार सांगण्यासारखे नाही. मुलींचे फाटक साडेसातला आणि मुलांचे दहाला बंद करावे, अभ्यासिका मात्र दोघांनाही अकरापर्यंत खुली ठेवावी. संधी समान असली पाहिजे.

मार्चमध्ये वार्षिक अहवाल लिहावा लागेल. त्यात 'विशेष परिश्रम घेण्यात आले' हे वाक्य निदान तीनदा यावे. मुखपृष्ठासाठी शोधाशोध करू नये. लेझीमचे ते छायाचित्र आहेच. शेवटच्या पानांवर प्रवेशसंख्येचा तक्ता असतो. त्यात द्वितीय वर्ष विज्ञानच्या पटावर एक संख्या कमी भरेल आणि लेखापरीक्षक शेरा मागतील. ती मुलगी आता गडहिंग्लजच्या एका कापड दुकानात बसते, हे लिपिकाला ठाऊक असते, पण शेऱ्याच्या रकान्यात तेवढी जागा नसते. तिथे 'प्रवेश रद्द करण्यात आला' असे लिहावे आणि खाली सही करावी.