दिवे लागल्यावर अर्धा तास द्या
विद्यापीठातलं सिनेमाचं थिएटर हा पण एक वर्गच, हे त्यावरच्या लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं! आपल्या पुण्यात तर प्रभात स्टुडिओच्याच जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ ला जुने सिनेमे जपणारी फिल्म अर्काइव्ह, आणि ती उभी करणारे पी. के. नायर अंधारातसुद्धा वहीत टिपणं काढत बसायचे. कॉलेजात असताना आम्ही अर्काइव्हला सिनेमा बघून बाहेर आलो की तासभर फुटपाथवरच भांडायचो, शेवटचा शॉट एवढा लांबवला कशाला यावरून, आणि एकदा आमच्यातली केमिस्ट्रीवाली त्यावर जे बोलली ना ते मराठीच्या वर्गात कुणालाच सुचलं नसतं. मोबाईलवर एकट्याने बघून हे होत नाही हो. फक्त सिनेमा संपला की लगेच हॉल रिकामा करायला लावू नका, बोलू द्या पोरांना.